कोनाले विचारलं?

परवाच्या प्रशिक्षणात मी उभी राहिले आणि भर सभागृहात ओरडले, हे आता तालुक्यात सगळ्यांना कळलं आहे. कुणी म्हणतं मॅडमचं डोकं फिरलं, कुणी म्हणतं घरचं काही टेन्शन असेल. घरचं काही नव्हतं. विषय होता कृती संशोधन, म्हणजे शिक्षकानं स्वतःच्याच वर्गाचा केलेला अभ्यास. मुलांची एखादी अडचण हेरायची, उपाय करून पाहायचा, काय घडलं ते लिहून काढायचं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'संशोधनातील नैतिकता'. त्याखाली, 'विद्यार्थ्याची संमती घ्यावी. त्याची ओळख उघड करू नये.' माझ्या शेजारच्या बाई ते वहीत उतरवून घेत होत्या. आणि त्याच्या लगेच पुढे पडद्यावर एक मुलगी आली. दोन वेण्या, शाळेचा निळा गणवेश, हातात पाचवीचं पुस्तक. कोपऱ्यात लिहिलेलं, 'आधी'. ती एकेक अक्षर चाचपत, अडखळत वाचत होती आणि जेवून सुस्तावलेले शिक्षक हसत होते.

ती मुलगी माझ्या शाळेतली, बऱ्याच वर्षांपूर्वीची. तो व्हिडिओ खोटा. दाखवणारे गुरुजी तेव्हाचे माझे सहकारी, आता तज्ज्ञ मार्गदर्शक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून जे निघालं ते शब्द माझे नव्हते, आमच्या सरांचे होते.

"कोनाले विचारलं?"

सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. शाळा मोहर्लीच्या जंगल सफारीच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलाला टेकलेली. शिक्षक आम्ही तिघं. सर, मी आणि हे आताचे तज्ज्ञ. सर उंच, जरा वाकलेले, पॅन्ट पार पोटाच्या वर ओढलेली, आणि बाराही महिने हातात काळी छत्री. छत्री पावसासाठी नव्हती, वानरांसाठी होती. शाळेच्या वाटेवर वानरं मुलांचे डबे हिसकायची. सर त्यांच्या तोंडासमोर फाट्‌कन छत्री उघडायचे आणि ती पळायची. शाळेत शिरले की खिशातला मोबाईल काढून टेबलावर पालथा घालत आणि त्याच्यावर शाळेची पितळी घंटा ठेवत. फोन आला की घंटाही थरथरायची. सर दोन्हींकडे बघत नसत. साहेब लोक वैतागून शेवटी मला फोन करत.

स्वभाव म्हणाल तर भयंकर. गोड बोलणं त्यांना जमतच नसे. मी रुजू झाले त्या दिवशी मुलांना व्हरांड्यात ओळीनं उभं केलं आणि फोटो काढला, 'माझी नवी शाळा' म्हणून स्टेटसला टाकायला. सर मागे येऊन उभे. "कोनाले विचारलं?" मला वाटलं मुख्याध्यापकांची परवानगी हवी होती. सॉरी सर, म्हणाले. "मले नाई. ज्यायचा काढला त्यायले." मग मला एकेका मुलाला विचारायला लावलं. एका पोरानं नाक पुसत 'नाही' अशी मान हलवली, तर अख्खा फोटो पुसायला लावला. घरी जाऊन मी आईला सांगितलं, आमचा मुख्याध्यापक सरकलेला आहे.

हे मत बरेच दिवस बदललं नाही. बदलावं असं ते वागतही नव्हते. सफारीच्या जिप्सी आमच्या शाळेवरून जात. एखादी थांबायची, त्यातून चॉकलेटं घेऊन बाया उतरायच्या, मागोमाग मोठमोठे कॅमेरे. मुलं कुंपणाला चिकटायची. सर वर्ग अर्ध्यात सोडून बाहेर यायचे आणि कॅमेऱ्याच्या नळीसमोर छत्री उघडून धरायचे. एका बाईंनी इंग्रजीतून बरंच सुनावलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जंगलात मोबाईल काढू देत नाई तुमाले. वाघाले नियम आहे. माह्या पोट्ट्यायले काऊन नाई?" त्या बाईंनी रिसॉर्टवर तक्रार केली, रिसॉर्टवाल्यांनी सरपंचांना सांगितलं, आणि रिसॉर्टकडून शाळेच्या भिंतींना मिळणारा रंग गेला. मला राग आला. भिंतींचे पोपडे माझ्या टेबलावर पडत होते, त्यांच्या नाही.

वर्गाच्या दारालाही त्यांनी बाहेरून कडी बसवून घेतली होती. आत येणाऱ्यानं कडी वाजवायची, मुलांनी 'या' किंवा 'थांबा' म्हणायचं. स्वतः सरही वाजवत. एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले. सर म्हणाले, कडी वाजवा. साहेबांनी हसून वाजवली. तिसरीतली पोरं कविता म्हणत होती, ती ओरडली, "थांबा." साहेब थांबले. कविता मोठी होती. साहेबांच्या कपाळाला घाम, मागे मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी, आणि सर अगदी शांत. कविता संपल्यावर आतून 'या' आलं. तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले होते. साहेब ते विसरले नाहीत, हे पुढे कळलं.

हे सगळं कुठून आलं ते सरांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी न विचारता. त्यांच्या लहानपणी शाळेत साहेब आले की गुरुजी त्यांनाच उभं करायचे. म्हणायचे, बघा साहेब, त्या वस्तीतला पोरगा आहे, तरी तिसाचा पाढा म्हणतो. आणि सर म्हणायचे. दरवेळी. साहेब पाठ थोपटायचे, गुरुजींना शाबासकी मिळायची. "पाढा माहा. शाबासकी त्यायची," सर म्हणाले. "म्हनतो का म्हनून कोनी विचारलं नाई. आन् विचारलं असतं तं मी नाई म्हनलो असतो का? छडी त्यायच्याच हातात होती ना." एवढं बोलून ते उठले आणि नळावर जाऊन हात धुवायला लागले.

त्या छडीवरूनच त्यांनी शाळेत एक पद्धत काढली असणार. मुलांवर काही करून पाहायचं, लिहायचं असेल तर मुलांना आधी विचारायचं. पण शिक्षकानं स्वतः विचारायचं नाही. ज्याच्या हातात मार्क आहेत त्याला कोणतं पोरगं नाही म्हणेल? म्हणून शिक्षकानं काय करणार ते वर्गात समजावून सांगायचं आणि निघून जायचं, लांब, हापशीपाशी, शाळेकडे पाठ करून उभं राहायचं. मुलांनी एकेक करून स्वयंपाकघरात जायचं. तिथे खिचडीच्या बाई. त्यांच्या हातात मुलानं मोहाची बी ठेवली तर हो, चिंचोका ठेवला तर नाही. कोणी काय ठेवलं ते बाई फक्त लक्षात ठेवणार. परीक्षा होऊन मार्क लागले की मग 'हो' म्हणणाऱ्यांच्याच वह्या त्या लिहिणाऱ्याच्या हवाली करणार. खिचडीच्या बाईच का, असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले की त्यांच्या हातात फक्त पळी आहे, आणि ती त्या कोणालाच कमी वाढत नाहीत.

मला हे शुद्ध येडेपण वाटलं. मी त्या वर्षी एक कृती संशोधन धरलं होतं. घरी गोंडी बोलणारी मुलं मराठीच्या तासाला गप्प बसतात, तर गोष्ट आधी गोंडीतून ऐकवली तर काय होतं, असा विषय. गावातली एक आजी गोष्टी सांगायला तयार होती. विषय चांगला, तयारी चांगली, आणि मला हापशीपाशी उन्हात उभं केलेलं. मागे वळून बघितलं तर सर व्हरांड्यातून ओरडायचे. मार्क लागल्यावर कळलं, अर्ध्याहून जास्त मुलांनी चिंचोके दिले होते. मी रडकुंडीला आले. मी काय त्यांना खाणार होते? सर म्हणाले, "नाई म्हनता येते तुह्या पोट्ट्यायले. चांगलं आहे ना मंग." पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, तोवर मुलं मला ओळखत होती, बऱ्याच बिया आल्या. सर्वांच्या नाहीत.

आणि लिहून झाल्यावरही सुटका नाही. समाजमंदिराच्या ओट्यावर आईबापांना बोलावून ते वाचून दाखवायचं. मी वाचत होते, 'पालक मजुरीस जात असल्याने पाल्याकडे लक्ष देत नाहीत.' हे वाक्य मी बनवलेलं नव्हतं. ते सगळ्या अहवालांत असतं, पहिल्या पानावर, देवाच्या नावासारखं. गोष्टी सांगणारी आजी म्हणाली, "आमी लक्ष देत नाई हे तुले कोनं सांगतलं वो बाई?" मी सरांकडे पाहिलं. सर छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेघा मारत होते. मी पेन काढलं आणि वाक्य खोडलं. माझा अहवाल असा खोडाखोडीसकट शिक्षकांच्या संशोधन स्पर्धेला गेला आणि अर्थातच कुठेच आला नाही.

त्याच स्पर्धेत आमचे दुसरे गुरुजी पहिले आले.

ते वाईट माणूस नव्हते असं म्हणायची पद्धत आहे, पण मी ते म्हणणार नाही. हुशार होते, मुलांत मिसळायचे, मोबाईलवर काहीही करून दाखवायचे. त्यांनी वाचन सुधारण्याचा एक उपक्रम केला, चित्रांच्या पट्ट्या आणि टाळ्या असं काहीतरी. स्पर्धेसाठी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन व्हिडिओ लागत होते. 'आधी'चा काढायला ते विसरले. कागद पाठवायची शेवटची तारीख आली तेव्हा त्यांनी वर्गातल्या सगळ्यात चांगल्या वाचणाऱ्या मुलीला उभं केलं. रोज परिपाठाला बातम्या वाचायची ती. तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा, जिप्सीवाले हॉर्न वाजवून दाद द्यायचे. तिला ते म्हणाले, बेटा, नाटकातल्यासारखं कर, काहीच येत नाही असं वाच. गुरुजी म्हणतात म्हटल्यावर तिनं केलं. आणि इतकं झकास केलं की बघणारा शपथेवर सांगेल, या मुलीला बाराखडीही येत नाही. मग लगेच, त्याच भिंतीसमोर, रिबिनी बदलून, 'नंतर'. सरांना पत्ता नव्हता. ते त्या दिवशी मीटिंगला चंद्रपूरला गेले होते. मी माझ्या वर्गात होते.

सन्मान झाला, शाल मिळाली. 'नंतर' कोणी पाहिलं नाही, 'आधी' सगळ्यांनी पाहिलं, कारण त्याला हसू येत होतं. ते मोबाईलच्या गटागटांतून फिरत फिरत मोहर्लीच्या गेटवर पोचलं. मुलीचे वडील तिथे गाईड होते. पर्यटकांना पक्ष्यांची इंग्रजी नावं सांगणारा, स्वच्छ कपड्यातला, मानी माणूस. सकाळच्या फेरीच्या आधी ड्रायव्हर लोकांनी त्यांना त्यांचीच मुलगी दाखवली. "साहेब लोकायले इंग्लिश शिकवतं, घरी पोरगी ढ," म्हणून हसले.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी काय झालं ते मी इथे लिहिलं होतं. आता ते इथे नाही. का नाही, ते शेवटी सांगते.

शाळेत तिला मुलं 'आधी' म्हणायला लागली. ए आधी, पाणी दे. ए आधी, सरक. आणि मग एका सकाळी परिपाठात ती बातम्या वाचायला उभी राहिली आणि अडखळली. आम्हाला वाटलं पोरं हसली म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन ती नुसती उभी राहिली. जे तिनं खोटं करून दाखवलं होतं ते आता तिला खरंच होत होतं. खिचडीच्या बाई स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभ्या होत्या, त्या रडायला लागल्या. सर टेबलाशी गेले, घंटा बाजूला केली, आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या वेळेत मोबाईल उचलला आणि माझ्यासमोर धरला. मले दाव, म्हणाले.

व्हिडिओ संपल्यावर त्यांनी दुसऱ्या गुरुजींना बोलावलं. माणूस इतका तापलेला मी पुन्हा पाहिला नाही. आवाज मात्र बारीक. "कोनाले विचारलं?" गुरुजी म्हणाले, सर, तिला विचारलं ना, ती हसत हो म्हणाली. सर म्हणाले, "ती हो म्हनली नाई. ती गुरुजी म्हनली." मग त्यांनी सांगितलं, गावासमोर उभं राहून हे खोटं आहे म्हणायचं आणि शाल परत करायची. गुरुजी हसले. म्हणाले, सर, एवढं काय, एक व्हिडिओच तर आहे.

सरांनी तक्रार केली. चौकशीला तेच कडी वाजवलेले साहेब. ते जानेवारीच्या ग्रामसभेला आले, समाजमंदिर गच्च भरलेलं, ओट्याखाली माणसं उभी. साहेबांनी मला विचारलं, मुलीला वाचता येत होतं का. मी हो म्हणाले. ते म्हणाले, तुम्ही त्यांच्याच बाजूच्या. तिचे आधीचे मार्क दाखवले, तर म्हणाले मार्क तुम्हीच दिलेले. वर्गातली पोरं एका सुरात म्हणाली, येते तिले वाचता. शिकवलेली आहेत, म्हणाले. मग त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि म्हणाले, साधी गोष्ट आहे, मुलीला बोलवा. एक परिच्छेद वाचू द्या. वाचला तर व्हिडिओ खोटा, मी इथेच लिहून देतो.

माझा जीव भांड्यात पडला. कारण त्याआधीचा महिनाभर सरांनी दुसरं काहीच केलं नव्हतं. शाळा सुटली की ते, मी आणि ती, चौथ्या कोणाला येऊ न देता, बसायचो. ती आधी कुजबुजत वाचायला लागली, मग हळू आवाजात, आणि शेवटच्या आठवड्यात जवळजवळ पूर्वीसारखी. मला माहीत होतं ती वाचेल. सरांनाही माहीत होतं. तिचे वडील पुढच्या रांगेत हात जोडल्यासारखे बसले होते.

सर उठले आणि म्हणाले, तिला विचारावं लागेल.

साहेब म्हणाले, विचारायचं काय त्यात? सभा हसली. मीसुद्धा मनात म्हटलं, सर, आज नको. आजचा एक दिवस नको. पण ते छत्री घेऊन पायऱ्या उतरले, हापशीपाशी गेले आणि सगळ्या गावाकडे पाठ करून उभे राहिले. खिचडीच्या बाई मुलीला घेऊन समोरच्या शाळेच्या स्वयंपाकघरात गेल्या. लोक चुळबुळत होते, कोणी म्हणालं मास्तर येडा झाला. थोड्या वेळानं बाई एकट्याच आल्या. सरांच्या पुढे जाऊन त्यांनी मूठ उघडली.

चिंचोका होता.

सर तो घेऊन वर आले. "नाई म्हनते ती," म्हणाले आणि खाली बसले.

तिचे वडील उठून धावलेच. म्हणत होते, माय, फक्त एक डाव, माह्यासाठी. सरांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. "भाऊ, एकदा विचारून झालं. आता पुन्हा विचारू तं ते विचारनं नाई, दाबनं होते." वडिलांनी हात झटकला आणि सरांना नको ते बोलले. मीही बोलले. सगळ्यांसमोर नाही, पण नंतर हापशीवर गाठून बोलले. सर, तुमच्या तत्त्वापायी पोरगी जन्मभर 'आधी' राहील. एक परिच्छेद होता. तुम्ही नुसतं तिच्या डोक्यावर हात ठेवला असता तर ती वाचली असती. सर म्हणाले, "हो. वाचली असती. म्हनूनच नाई ठेवला."

मला तेव्हा त्यांना त्यांच्याच छत्रीनं मारावंसं वाटलं. आजही, हे लिहिताना, कधीकधी वाटतं.

साहेबांनी लिहिलं, मुख्याध्यापकांनी सहकाऱ्याबद्दलच्या आकसातून तक्रार केली, तथ्य आढळले नाही. सरांना जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेवर पाठवलं, निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असताना. मुलीला वडिलांनी सिंदेवाहीला मावशीकडे ठेवलं. दुसरे गुरुजी आधी आसपासच्या शाळांच्या केंद्रात, मग तालुक्यात, मग जिल्ह्यात मार्गदर्शन करायला लागले. आणि आमच्या शाळेला रंग मिळाला. हिरवा, वाघाच्या चित्रासकट. त्या वाघाकडे बघून मी रोज चडफडते.

निरोपसमारंभ सरांनी होऊ दिला नाही. जायच्या दिवशी प्रत्येक वर्गाची कडी वाजवून आत गेले आणि येतो म्हणाले. पाचवीनं मात्र 'थांबा' म्हटलं. तेव्हा ते दाराबाहेर उभे राहिले. आत मुलं रडत होती आणि ते सरांना दिसू नये म्हणून त्यांनी तसं म्हटलं होतं. सर बराच वेळ थांबले, पुन्हा कडी वाजवली नाही, आणि एसटीची वेळ झाली तसे गेले.

परवा सभागृहात मी ओरडले त्यावर तज्ज्ञ गुरुजी माइकवरून शांतपणे म्हणाले, मॅडम, मुलीचं नाव आम्ही कुठेच दिलेलं नाही, ओळख गुप्त ठेवली आहे. पडद्यावर तिचा चेहरा भिंतीएवढा, आणि नाव गुप्त. लोकांनी मान डोलावली. मी पर्स उचलली आणि बाहेर आले. तिथे पोर्चमध्ये उभं राहून ठरवलं की हे लिहायचं.

लिहायचं म्हणजे आधी विचारायचं. सर आता सिंदेवाहीजवळ राहतात. मी गेले तेव्हा अंगणात धान वाळत घातलेलं आणि ते छत्री घेऊन चिमण्यांवर ओरडत होते. प्रशिक्षणातलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, लिही. अटी घातल्या. कोणाचं नाव नाही, शाळेच्या गावाचं नाव नाही. "आन् मले देवमानूस नको करू. माह्यावर राग आला होता ना तुले? थो लिही. पुरा लिही." मग म्हणाले, माझं काय, मी म्हातारा आहे, पण त्या पोरीला विचारल्याशिवाय एक अक्षर कोणाला दाखवलंस तर याद राख. मी विचारलं, सर, ती अजूनही नाही म्हणाली तर? ते म्हणाले, तं मंग चुलीत घाल. आणि पुन्हा चिमण्यांकडे वळले.

ती मुलगी आता चंद्रपूरला कॉलेजात आहे. सुट्टीत गावी आली होती. मी तिची शिक्षिका, मी विचारलं तर तिला नाही म्हणता येणार नाही, म्हणून मी विचारलं नाही. खिचडीच्या बाई आता थकल्या आहेत, पण त्यांना ही लिहिलेली पानं दिली, दोन्ही प्रकारच्या बिया दिल्या आणि त्या तिच्या घरात गेल्या. मी बाहेर, हापशीपाशी, घराकडे पाठ करून उभी राहिले. रस्त्यानं संध्याकाळच्या जिप्सी परतत होत्या. लोक माझ्याकडे बघून जात होते.

मग आतून आवाज आला. आधी मला वाटलं रेडिओ आहे. 'परवाच्या प्रशिक्षणात मी उभी राहिले आणि भर सभागृहात ओरडले.' ती वाचत होती. बाईंना वाचता येत नाही, म्हणून त्यांना वाचून दाखवत होती. स्वच्छ, मोठ्यानं, रस्त्यापर्यंत जाईल असं. सरांच्या छत्रीच्या वर्णनापाशी दोघी हसल्या. एके ठिकाणी आवाज थांबला. मग पुढच्या परिच्छेदापासून पुन्हा सुरू झाला आणि शेवटपर्यंत एकदाही अडखळला नाही. मी मागे वळले नाही. मला सगळ्यांचा राग येत होता. साहेबांचा, त्या शालीचा, सभागृहातल्या हसण्याचा, आणि सरांचाही, कारण हा आवाज त्या दिवशी अख्ख्या गावाला ऐकू यायला हवा होता आणि तो ऐकायला ते आज इथे नव्हते.

बाई बाहेर आल्या. एका हातात पानं, त्यात एक परिच्छेद आडव्या रेघांनी खोडलेला. तिच्या वडिलांबद्दलचा. दुसरी मूठ त्यांनी माझ्यासमोर उघडली. मोहाची बी होती.

"आन् थे विचारून राह्यली," बाई म्हणाल्या, "तुमचं थे पुढचं प्रशिक्षन कुठी आहे? तिथी येऊन वाचतो म्हनते. तुमी लिहिलं थेच."

मी पुन्हा विचारलं नाही. तिनं स्वतःहून म्हटलं आहे. हा शेवटचा भाग मी नंतर लिहिला, तोही बाईंच्या हाती तिच्याकडे पाठवला होता आणि तो खोडला न जाता परत आला आहे. प्रशिक्षण उन्हाळ्यात आहे. सरांना मी अजून कळवलेलं नाही. ते पहिला प्रश्न काय विचारतील ते मला माहीत आहे, आणि या वेळी माझ्याकडे उत्तर आहे.